‘अनुराधा’ : अंतराळात गेलेल्या प्लास्टिकची कसोटी

२०२५ च्या जूनअखेरीस शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले, तेव्हा हुबळी-धारवाडकरांना त्या बातमीत एक घरगुती गोडी वाटली. त्यांच्याबरोबर मुगाचे आणि मेथीचे दाणे गेले होते. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जवळजवळ जाणवत नाही अशा ठिकाणी त्यांना मोड कसे येतात, हे पाहण्याचा प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील रविकुमार होसमणी आणि धारवाड आयआयटीतील सुधीर सिद्दापुरेड्डी यांनी आखला होता. आपल्याकडील उसळीचे आणि शेजारच्या कानडी घरातील कोसंबरीचे मूग पृथ्वीभोवती फेऱ्या घालून आले, याचे कौतुक वाटणे साहजिकच होते.

त्या कौतुकाच्या गर्दीत एका जुन्या भारतीय प्रवासिनीची आठवण मात्र फारशी कोणाला झाली नाही. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, २९ एप्रिल १९८५ रोजी, ‘चॅलेंजर’ या अमेरिकन अंतराळयानातून एक भारतीय उपकरण अंतराळात गेले होते. त्याचे नाव ‘अनुराधा’. भाद्रपदात ज्या नक्षत्रावर आपण गौरी घरी आणतो, त्या नक्षत्राचे हे नाव. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रो यांच्या सहकार्यातून ते साकारले होते आणि टाटा संस्थेतील प्रा. सुकुमार बिस्वास हे त्या प्रयोगाचे प्रमुख होते. सुमारे अर्धा मीटर उंचीचे, पिंपासारखे दिसणारे हे यंत्र म्हणजे विश्वकिरणांची एक दुर्बीणच होती. पण तिच्यात भिंगे नव्हती, आरसे नव्हते. होत्या त्या एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या पातळ चकत्या. आणि हे प्लास्टिक कोणते? आपण वाचताना नाकावर ज्याचा चष्मा चढवतो, बहुधा तेच.

या स्मरणिकेच्या वाचकांत वैद्यकीय व्यावसायिकांची संख्या मोठी आहे, म्हणूनच हा विषय येथे मांडावासा वाटला. कोणत्याही चाचणीचा निष्कर्ष वाचण्यापूर्वी ती चाचणी स्वतः किती भरवशाची आहे, हा प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय असते. ‘अनुराधा’ची कथा ही याच प्रश्नाची कथा आहे. चकत्यांनी अंतराळातून काय टिपून आणले यापेक्षा, त्यांनी टिपलेल्यावर विश्वास का ठेवायचा, याचे उत्तर शोधण्यात तेथील माणसांची अधिक वर्षे गेली.

विश्वकिरण हे नाव थोडे फसवे आहे. हे किरण नसून कण आहेत. बहुतांश प्रोटॉन, काही हेलियमची अणुकेंद्रे आणि थोड्या प्रमाणात कार्बन, ऑक्सिजन, लोह यांची अणुकेंद्रे प्रचंड वेगाने सर्व दिशांनी पृथ्वीवर येत असतात. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरांहून अधिक उंचीवर गेले आणि वर जावे तसे हे प्रारण वाढते, हे त्यांना आढळले. वातावरणावर आदळून या कणांची जी पिलावळ निर्माण होते, तिच्यातील म्यूऑन नावाचे कण थेट जमिनीपर्यंत पोहोचतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला सुमारे एक, असा त्यांचा हिशेब आहे. हे वाचत असतानाही वाचकाच्या तळहातातून मिनिटाला शंभरएक म्यूऑन आरपार जात आहेत.

कर्नाटकाचा या विषयाशी जुना संबंध आहे. १९३९-४० च्या हिवाळ्यात रॉबर्ट मिलिकन अमेरिकेतून मुद्दाम बंगळूरला आले आणि त्यांनी येथून उपकरणे बांधलेली बलूने सोडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होमी भाभा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वकिरणांवर काम करीत होते. अमेरिकन हवाई दलाच्या विमानांतून त्यांनी आपली गणकयंत्रे आकाशात नेली होती. मिलिकनना एवढ्या दूर येण्याचे कारण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र. विद्युत्भारित कण या क्षेत्रात वळतो. ध्रुवांजवळ हलक्या ऊर्जेच्या कणांनाही आत शिरायला वाट मिळते. विषुववृत्ताजवळ मात्र ती जवळजवळ बंद असते. दक्षिण भारतावरचे हे चुंबकीय छत जगातील सर्वांत भक्कम छतांपैकी आहे. आपल्या हुबळी-धारवाडच्या आकाशात सरळ वरून शिरायचे तर प्रोटॉनला सुमारे १६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असावी लागते. त्याहून दुबळा तो बाहेरच्या बाहेर परत वळतो.

अतिशय ऊर्जावान कणांचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने हे छत म्हणजे वरदान, कारण नको असलेली गर्दी आपोआप गाळली जाते. पण ज्यांना कमी ऊर्जेच्या जड कणांत रस होता, त्यांची मायदेशात अडचणच होती. हैदराबादहून कितीही उंच बलून सोडले तरी जे कण इथवर येतच नाहीत, ते सापडणार कसे? प्रा. बिस्वास यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या गोडार्ड केंद्रातील फिक्टेल आणि गस यांच्याबरोबर सौर कणांवर काम केले, तेव्हा अभ्यासाची सामग्री आली होती ती उत्तर कॅनडातील फोर्ट चर्चिल येथून सोडलेल्या अग्निबाणांमधून. पुढे १९७३-७४ मध्ये ‘स्कायलॅब’ या अंतराळ प्रयोगशाळेच्या बाहेरच्या बाजूस याच मुंबई-अहमदाबाद गटाने लेक्सन नावाच्या प्लास्टिकचा संच दोन महिन्यांहून अधिक काळ ठेवला होता. त्या गटातील व्ही. एस. वेंकटवरदन हे पुढे मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालक म्हणून अनेकांच्या परिचयाचे झाले.

याच सुमारास एक कोडे पुढे आले. १९७३ च्या आसपास असे दिसले की, कमी ऊर्जेच्या विश्वकिरणांत ऑक्सिजन, नायट्रोजन, निऑन अशा काही मोजक्या मूलद्रव्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा फार जास्त आहे. त्यांना ‘विसंगत’ विश्वकिरण म्हणू लागले. १९७४ मध्ये फिस्क, कोझलोव्हस्की आणि रामाती यांनी त्याचे एक स्पष्टीकरण सुचविले. ताऱ्यांमधल्या पोकळीतून विद्युत्भार नसलेले अणू सूर्यमालेत वाहत येतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवू शकत नाही. सूर्याजवळ आल्यावर अतिनील किरणांमुळे त्यांचा एक इलेक्ट्रॉन निघून जातो. मग सौरवारा त्यांना पकडून पुन्हा बाहेर, सूर्यमालेच्या सीमेकडे नेतो आणि तेथे त्यांना वेग मिळतो. कल्पना आकर्षक होती. ती खरी असेल तर या ऑक्सिजनच्या आयनावर फक्त एक विद्युत्भार असायला हवा. नेहमीच्या, दूर आकाशगंगेतून आलेल्या ऑक्सिजनचे आठही इलेक्ट्रॉन वाटेत झडलेले असतात, त्यामुळे त्याच्यावर आठ भार असतात. एक की आठ, एवढाच प्रश्न. ‘अनुराधा’ पाठविण्यात आली ती प्रामुख्याने याच्या उत्तरासाठी.

आता चकत्यांकडे वळू. सीआर-३९ हे प्लास्टिक १९४० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. कोलंबिया कंपनीने करून पाहिलेल्या राळसदृश पदार्थांपैकी हा एकोणचाळिसावा, म्हणून ‘कोलंबिया रेझिन-३९’. काचेपेक्षा निम्म्या वजनाचे, पारदर्शक आणि सहज न फुटणारे असल्याने चष्म्याच्या भिंगांसाठी ते जगभर रूढ झाले. आपल्या नेत्रतज्ज्ञ मित्रांना ते नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु १९७८ मध्ये बर्कली येथील कार्टराइट, शर्क आणि प्राइस यांनी दाखवून दिले की, अणुकेंद्रांचे माग टिपण्यातही हे प्लास्टिक त्यावेळच्या इतर सर्व प्लास्टिकांच्या पुढे आहे.

माग टिपणे म्हणजे काय? जड अणुकेंद्र प्लास्टिकमधून जाताना वाटेतील रेणूंच्या साखळ्या तोडत जाते. ही जखम इतकी बारीक असते की साध्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसत नाही. चकती कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात, साधारणपणे ७० अंश सेल्सिअसला, काही तास बुडवून ठेवली की सोडा सगळाच पृष्ठभाग खातो. पण जखमी रेषेवर तो अधिक वेगाने आत शिरतो. तेथे शंकूच्या आकाराचा खड्डा तयार होतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. जितकी इजा तीव्र तितका शंकू लांब. इजेचे प्रमाण कणावरील भाराच्या वर्गावर आणि त्याच्या वेगावर ठरते. त्याच वेगाने जाणारे लोहाचे केंद्र, भार २६, प्रोटॉनच्या जवळजवळ पावणेसातशे पट ऊर्जा वाटेत सोडते. कण थांबत आला की इजा अचानक वाढते. रेडिओथेरपीतील मंडळींना हाच ‘ब्रॅग पीक’ म्हणून परिचित आहे. एकामागून एक अशा अनेक चकत्यांत एकाच कणाचे शंकू मोजत गेले, की तो कोण होता आणि किती ऊर्जेने आला होता हे सांगता येते.

येथे दक्षता संपत नाही, सुरू होते. शंकू अमुक मायक्रॉन लांबीचा आहे, एवढ्यावरून तो ऑक्सिजनचाच, निऑनचा नव्हे, हे ठरविण्यासाठी आधी त्याच प्लास्टिकवर खात्रीच्या ऑक्सिजनचा आणि खात्रीच्या निऑनचा मारा करून पाहिलेला असावा लागतो. अशा चकत्यांची परीक्षा म्हणूनच कणत्वरक यंत्रापासून सुरू होते. ज्ञात मूलद्रव्याचा, ज्ञात ऊर्जेचा झोत संचावर सोडायचा, कण थांबतो तिथपर्यंतच्या प्रत्येक चकतीतील शंकू मोजायचे आणि आलेख काढायचा. हा आलेख म्हणजे त्या प्लास्टिकची भाषा. पण एका घाणीतल्या प्लास्टिकची भाषा दुसऱ्या घाणीच्या प्लास्टिकला लागू पडतेच असे नाही. कारखान्यात ओतकाम किती काळ चालले, उष्णता किती दिली, यावर त्याची संवेदनक्षमता बदलते. जुन्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या प्रत्येक डबीवर वेगळा संकेतांक असे आणि तो न जुळविता मोजलेली साखर निरुपयोगी ठरत असे, याची येथे अनेकांना आठवण येईल.

शिवाय हे प्लास्टिक चष्म्याच्या दुकानात बसलेले नसते. कण शिरताना चकतीचे तापमान किती होते, त्यावर शंकूची लांबी बदलते. आणि कक्षेत तर यान कधी उन्हात, कधी सावलीत. हवेतला ऑक्सिजन संपून निर्वात झाले तरी संवेदनक्षमता बदलते. चकत्या जुन्या झाल्या की बदलते. कोरायच्या द्रावणाचे तापमान एखाद्या अंशाने घसरले तरी बदलते. त्यात रेडॉन वायूचा उपद्रव. हा वायू दगडामातीतून सर्वत्र झिरपतो, त्याच्यातून निघालेले अल्फा कण कपाटात शांत पडलेल्या चकतीवरही खड्डे पाडून ठेवतात. पुढे अंतराळातून आणलेला माग कोणता आणि मुंबईच्या कपाटातला कोणता, हा गोंधळ नको असेल तर उड्डाणाला न जाणाऱ्या जोडीच्या चकत्या शेजारी ठेवाव्या लागतात. वैद्यकीय संशोधनात ज्याला आपण ‘कंट्रोल’ म्हणतो, तोच हा प्रकार. रेडॉनच्या या खोडीचा पुढे सदुपयोगही झाला. याच प्लास्टिकचे तुकडे महिनोन्‌महिने घरात टांगून ठेवून घरातील रेडॉनचे प्रमाण मोजतात आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण म्हणून रेडॉनकडे पाहिले जाते.

इतके सारे सांभाळूनही मुख्य प्रश्न शिल्लकच होता. चकती कणाची जात सांगू शकते, ऊर्जा सांगू शकते. पण प्लास्टिकमध्ये शिरताच आयनाचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन झडून जातात. येताना त्याच्यावर एक भार होता की आठ, हे मागावरून कळणे अशक्य. येथे या मंडळींनी जी युक्ती योजली, ती मला आपल्या विज्ञानातील अत्यंत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. प्रयोगशाळेत भार मोजायचा तर कणाला चुंबकातून वळवितात. त्यांनी पृथ्वीलाच चुंबक म्हणून वापरले.

एकाच ऊर्जेचे ऑक्सिजनचे दोन आयन घ्या, एकावर एक भार, दुसऱ्यावर आठ. चुंबकीय क्षेत्र पहिल्याला आठपट कमी वळवू शकते. त्यामुळे तो विषुववृत्ताच्या दिशेने बराच आतपर्यंत शिरतो. आठ भारांचा भाऊ ध्रुवाकडच्या चिंचोळ्या पट्ट्यातच अडखळतो. म्हणजे कण कोठे सापडला हे कळले, तर त्याच्यावर जास्तीत जास्त किती भार असू शकेल याचे उत्तर मिळते. जेथे आठ भारांच्या कणाला परवानगीच नाही, तेथे तो सापडला तर त्याच्यावर आठ भार नव्हते, हे उघड. यान ५७ अंशांच्या कललेल्या कक्षेत, सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर फिरणार होते. दर दीड तासाला ते या सर्व पट्ट्यांतून एकदा वर आणि एकदा खाली जाणार. तेव्हा आता एकच गोष्ट हवी, कण नेमका कोणत्या क्षणी आला ती वेळ. क्षण कळला की यान त्या क्षणी कोठे होते हे कळते.

आणि प्लास्टिकला वेळ कळत नाही! सात दिवसांचे सारे माग त्याच्यात एकत्र साठतात. म्हणून चकत्यांचे दोन संच केले. वरचा पातळ, खालचा जाड. त्यातील एक दुसऱ्याच्या सापेक्ष दर १० सेकंदांना ४० विकला एवढ्या कोनातून सरकत राही. अंशाचा नव्वदावा भाग. कण वरच्या संचातून खालच्यात सरळ रेषेत जातो. पण संच सतत सरकत असल्यामुळे नंतर दोन्ही पुन्हा मूळ जागी जुळवून पाहिले की मागाची दोन टोके एकमेकांसमोर येत नाहीत. किती कोनाने फिरविल्यावर ती जुळतात, ते मोजले की वेळ मिळाली. या गतीने पूर्ण वर्तुळ व्हायला ९० तास लागतात. केंद्रापासून २० सेंटिमीटरवर प्रत्येक पायरी भरते सुमारे ४० मायक्रॉन, म्हणजे पाच-सहा तांबड्या रक्तपेशी शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल एवढी.

या आकड्याकडे पाहून यंत्राच्या परीक्षेचे स्वरूप ध्यानात येईल. उड्डाणाचे हादरे, निर्वात, थंडी-ऊन यांतून गेल्यावरही त्या फिरत्या भागाने पाच पेशींचे अंतर चुकवायचे नाही. मोटर मध्येच अडली असती, तर चकत्यांत माग राहिले असते, पण त्यांची वेळ कायमची हरवली असती. आणि दुरुस्तीला तेथे कोणी जाणार नव्हते, कारण यंत्र माणसांच्या कक्षात नसून यानाच्या उघड्या मालकक्षात बसविलेले होते. म्हणून अशा यंत्राला जमिनीवरच हादरवून, निर्वात पेटीत तापवून-गारठवून पाहावे लागते. रुग्णावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी भूलतज्ज्ञ जी शंका-कुशंका काढतो, तिला आपण कधी कंटाळतो, कधी दाद देतो. इथे तशी शंका काढणाऱ्यांची अख्खी पलटण होती.

‘स्पेसलॅब-३’ या त्या मोहिमेत डॉक्टरांना आपलेपणा वाटावा असे आणखीही काही होते. सात जणांच्या चमूत नॉर्मन थॅगर्ड आणि विल्यम थॉर्नटन हे दोघे चक्क वैद्यकीय पदवीधर होते. त्यांच्या सोबतीला दोन माकडे आणि चोवीस उंदीर. पिंजऱ्यांतील घाण भारहीन अवस्थेत बाहेर पडून तरंगू लागल्याची आणि ती गोळा करता करता अंतराळवीर मेटाकुटीला आल्याची हकिगत त्या वेळी बरीच गाजली. थॉर्नटन यांनी एका मरगळलेल्या माकडाला स्वतःच्या हाताने खाऊ घालून माणसात, म्हणजे माकडात, आणल्याचेही सांगतात. बाहेर मालकक्षात ‘अनुराधा’ मात्र निमूटपणे दर दहा सेकंदांना आपले पाऊल टाकत होती. ६ मे १९८५ रोजी यान कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स तळावर उतरले.

चकत्या परतल्यानंतरचे काम गाजावाजाचे नव्हते. त्या कोरायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली इंच इंच पाहायच्या, खड्डा दिसला की त्याचा खालच्या चकतीत पाठपुरावा करायचा, दोन संचांतली जोडी जुळवायची. या कष्टाचे निष्कर्ष पुढील सात-आठ वर्षे टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत राहिले. विसंगत विश्वकिरणांतील ऑक्सिजन, नायट्रोजन, निऑन हे एकेरी भाराचे असण्याशी सुसंगत आहेत, असे त्यातून दिसले. फिस्क यांच्या चित्राला पाठबळ मिळाले. १९९२ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या ‘सॅम्पेक्स’ उपग्रहाने पृथ्वीच्या चुंबकाची हीच चाळणी वापरून तोच निष्कर्ष काढला. ‘अनुराधा’च्या चकत्यांतून आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली. लोह आणि त्याच्या शेजारची काही जड केंद्रे सगळे इलेक्ट्रॉन न झडलेल्या अवस्थेत आढळली. एवढे अंतर कापून येणाऱ्या कणांवर इलेक्ट्रॉन शिल्लक राहावेत हे सहजासहजी पटणारे नाही, आणि त्याचा समाधानकारक उलगडा सोपा नाही.

त्या उड्डाणाविषयी एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. ती ‘अनुराधा’ची नाही, पण कसोटीचीच आहे. उड्डाणानंतर समुद्रातून काढलेल्या घन इंधनाच्या बूस्टरचे भाग जूनमध्ये उघडून तपासले, तेव्हा डाव्या बूस्टरच्या नॉझलजवळील जोडात गरम वायू अडविण्यासाठी बसविलेले पहिले रबरी कडे जळून आरपार गेलेले आढळले. दुसरे, राखीव कडेही कुरतडले गेले होते. ते फुटले असते तर त्या सात माणसांचे, दोन माकडांचे आणि ‘अनुराधा’चे काय झाले असते ते सांगायला नको. चमूतील डॉन लिंड यांना पुढे सांगण्यात आले की त्यांच्या आणि मृत्यूच्या मध्ये सेकंदाच्या तीन-दशांश भागाचे अंतर उरले होते. या तपासणीनंतर नासाच्या मार्शल केंद्राने पुढील उड्डाणांवर औपचारिक निर्बंध घातला आणि त्यानंतरच्या प्रत्येक उड्डाणाआधी तो शिथिल केला. सातवे उड्डाण होते २८ जानेवारी १९८६ चे. तेच यान, ‘चॅलेंजर’. जोड वेगळा होता, बाजूही उजवी होती, रोग मात्र तोच. विपरीत अहवाल कागदावर होता. तो वाचून फाईलला लावला गेला होता. वैद्यकीय पेशात असा अहवाल कधी ना कधी प्रत्येकाच्या टेबलावरून गेलेला असतो, त्यामुळे रॉजर्स आयोगाचा तो भाग आपण शांतपणे वाचू शकत नाही.

त्या अपघाताने भारताचीही एक संधी गेली. शटलमधून जाण्यासाठी निवडले गेलेले इस्रोचे एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन यांच्यापैकी कोणीच अंतराळात जाऊ शकले नाही.

प्लास्टिकची जागा आता बहुतांश सिलिकॉनने घेतली आहे. २०११ च्या मे महिन्यात अंतराळ स्थानकावर बसविलेल्या ‘एएमएस-०२’ या साडेसात टनी विश्वकिरण-शोधकात सिलिकॉनच्या पट्ट्यांचे नऊ थर आहेत आणि ते कणाची जागा सुमारे १० मायक्रॉनपर्यंत सांगतात, वेळ तर तत्क्षणीच. त्याचीही परीक्षा चुकली नाही. २०१० मध्ये त्याला हॉलंडमधील अवकाश केंद्रात निर्वात पेटीत ठेवून पाहिले आणि नंतर जिनिव्हाच्या सर्नमध्ये ज्ञात ऊर्जेच्या झोतांसमोर धरले. मागोवा घेणाऱ्या थरांना थंड ठेवणारे पंप पुढे बंद पडू लागले. मग २०१९ च्या नोव्हेंबरपासून २०२० च्या जानेवारीपर्यंत लुका पार्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन यांनी चार वेळा बाहेर जाऊन, जुन्या नळ्या कापून, नव्या पंपाच्या नळ्यांना जोडल्या. शेवटच्या फेरीत एका जोडातून गळती निघाली, तीही घट्ट केली. बायपास शस्त्रक्रियेचे यापेक्षा वेगळे वर्णन करता येईल असे वाटत नाही.

तरीही जुने प्लास्टिक निवृत्त झालेले नाही, आणि त्याचा मुक्काम आता आपल्याच विषयाच्या अंगणात आहे. त्याला वीज लागत नाही, वजन नगण्य, खिशात मावते. अपोलो-८ आणि अपोलो-१२ मधील अंतराळवीरांची लेक्सनची शिरस्त्राणे परतल्यावर रसायनात कोरून पाहिली होती आणि त्यावरील मागांवरून मेंदूसारख्या अवयवातील पुन्हा निर्माण न होणाऱ्या पेशींपैकी किती निकामी झाल्या असतील याचा अंदाज बांधला होता; कमाल अंदाज होता दहा हजारांत एक-दीड. अंतराळ स्थानकावर आजही सीआर-३९ चे तुकडे टीएलडी स्फटिकांच्या जोडीने प्रारणमात्रा मोजतात, कारण एकट्या टीएलडीला जड कणांचा मारा नीट मोजता येत नाही. मंगळाकडे जाताना ‘क्युरिऑसिटी’ यानात मोजलेली मात्रा दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट भरली. जाऊन-येऊन वर्षभराचा प्रवास धरला तर छातीच्या नव्वदएक सीटी स्कॅनइतकी. मायदेशीही न्यूट्रॉनांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यांत भाभा अणुसंशोधन केंद्र याच प्लास्टिकचा उपयोग करते.

या मात्रामापकांची परीक्षा कोठे होते, हे कळले तेव्हा मला फार मौज वाटली होती. जपानमध्ये चिबा येथे ‘हिमॅक’ नावाचा त्वरक आहे. १९९४ पासून तेथे कार्बन अणुकेंद्रांच्या झोताने कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार होत आले आहेत. जगभरच्या प्रयोगशाळांचे अंतराळातील प्रारणमापक एकाच ज्ञात झोतासमोर ठेवून परस्परांशी ताडून पाहण्याचा उपक्रम २००२ मध्ये तेथेच सुरू झाला. दिवसभर झोत रुग्णांसाठी. संध्याकाळी शेवटचा रुग्ण घरी गेला की मग पाळी येते ती प्लास्टिकच्या चकत्यांची.